आधीची वही

मामांचं सांगलीत किराणा दुकान होतं. दुकान मुलाच्या हाती दिलं तरी हिशेबाची सवय सुटली नाही. उरलेल्या एका लाल वहीत ते आपली शुगर लिहायचे: तारीख, उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'लग्नात जिलबी.' 'पावसामुळे फिरणे नाही.' गेल्या तीन वर्षांची पानं कुणालाही दाखवावीत अशी होती. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६.८ वर आलेली. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि मधोमध सूज असल्याचं सांगितलं, तेव्हा मामांनी पिशवीतून वहीच काढली. "साहेब, हे बघा की. सगळं कंट्रोलमध्ये आहे."

डॉक्टरांनी वही नीट चाळली. "ही तीन वर्षांची झाली. डायबेटिस कधीपासून?"

"चौदा वर्षं झाली असतील."

"मग आधीची वही?"

आधीची वही नव्हती.

साखरेचा डोळ्यांवर परिणाम होतो हे आता घरोघरी माहीत आहे. मात्र तो नळासारखा असतो असं आपण धरून चालतो: नळ बंद केला की गळती थांबली. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे.

साखर काबूत ठेवली की डोळे वाचतात, याचाही भक्कम पुरावा १९९३ पर्यंत हातात नव्हता. त्या वर्षी अमेरिका आणि कॅनडात चाललेल्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षांची देखरेख. एका गटावर नेहमीचे उपचार, एचबीएवनसी ९च्या आसपास. दुसऱ्या गटाला दिवसातून तीन-चारदा इन्सुलिन किंवा पंप, आकडा ७च्या जवळ. ज्यांचा पडदा सुरुवातीला स्वच्छ होता, त्यांच्यात कडक नियंत्रणामुळे डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. इतका फरक पाडणारी गोष्ट वैद्यकात क्वचित सापडते. पण पहिली दोन-तीन वर्षं दोन्ही गटांच्या पडद्यांत फारसा फरक दिसतच नव्हता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

याहून नवलाची गोष्ट अभ्यास संपल्यावर घडली. सगळ्यांनाच कडक नियंत्रण शिकवलं गेलं, आणि माणसाच्या स्वभावाप्रमाणे दोन्ही गट थोड्याच काळात ८च्या आसपास येऊन थांबले. आकडे सारखे झाले, डोळे झाले नाहीत. ज्यांची आधीची साडेसहा वर्षं चांगली गेली होती, त्यांचे पडदे पुढेही कित्येक वर्षं दुसऱ्यांपेक्षा सावकाश बिघडत राहिले. शास्त्रज्ञ याला शरीराची चयापचयी स्मृती म्हणतात. मामांच्या भाषेत सांगायचं तर कीर्द रोजची असते, खतावणी मात्र वर्षानुवर्षं चालते.

ही खतावणी लिहिली जाते कुठे? स्नायूंच्या पेशींत साखर शिरायची तर बहुतांशी इन्सुलिनची परवानगी लागते. डोळ्याच्या पडद्याला ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की पडद्याच्या पेशींतही वाढते. पडद्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात. त्या आधी मरतात. मग आधार गेलेल्या भिंतीला फुगे येतात, तिथून रक्त आणि पाणी झिरपतं. काही वाहिन्या बंदच पडतात. उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्यांसाठी रासायनिक हाका घालतो, आणि उगवतात त्या इतक्या कच्च्या की कधीही फुटाव्यात. दरम्यान वाहिन्यांच्या भिंतीतल्या प्रथिनांना साखर चिकटत असते, आणि ही प्रथिनं वर्षानुवर्षं टिकतात. एचबीएवनसीत मोजतो तीही चिकटलेली साखरच, पण तांबड्या पेशीतली. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे ही तपासणी चार महिन्यांपूर्वीचं सगळं विसरून जाते. पडदा विसरत नाही.

शिवाय ही तपासणी कधी कधी चुकतेही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, आणि आकडा खोटाच चांगला येऊ शकतो.

आता एक अवघड गोष्ट. खूप वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर काहींचा पडदा सुरुवातीला उलट बिघडतो. डीसीसीटीत पहिल्या वर्षात कडक नियंत्रणाच्या गटातल्या १३.१ टक्के लोकांना हे झालं, दुसऱ्या गटात ७.६ टक्क्यांना. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाच्या २०१६च्या एका मोठ्या चाचणीतही डोळ्यांची गुंतागुंत औषध घेणाऱ्यांत ३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १.८ टक्के अशी दिसली. साखर भरभर उतरल्याचा तो परिणाम असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. हे वाचून कुणी औषध सोडू नये. डीसीसीटीतल्या त्या लोकांचे डोळेही पुढे सैल नियंत्रणवाल्यांपेक्षा वाईट राहिले नाहीत. पण नवं औषध सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्यायला हवा, आणि नेमकं तेव्हाच कुणाला ते सुचत नाही.

'कंट्रोल' या शब्दाशीच माझं भांडण आहे. एक तर त्यात रक्तदाब येत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप २च्या रुग्णांचा रक्तदाब नीट आवरल्यावर पडद्याचा विकार वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं, तरी शुगरची वही ठेवणाऱ्या किती घरांत बीपीची वही असते? आणि दुसरं, हा शब्द शाळेच्या निकालासारखा वापरला जातो. आकडा चांगला असलेला म्हणतो, मी पास, मला डोळे दाखवायची काय गरज? वाईट असलेला शरमेने दाखवत नाही. पथ्यावरून बोलणी खायला कोण जाईल? दोघांच्याही पडद्याचा फोटो निघत नाही. आणि पडदा दुखत नाही, लाल होत नाही, मधला भाग शाबूत असेपर्यंत पेपरही व्यवस्थित वाचता येतो. मामा त्या दिवशी सकाळी अग्रलेख वाचून आले होते.

भारतात २०२३च्या अंदाजाप्रमाणे १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. देशभरच्या एका पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर खुणा सापडल्या. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींना पडद्याच्या फोटोसाठी घरी पत्र पाठवून बोलवायला सुरुवात केली. पुढे २००९-१०च्या नोंदी तपासल्या, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह उरलेला नव्हता. पाच दशकांत प्रथमच. साखरेच्या नव्या औषधांचाही त्यात वाटा असेल, पण आपल्याकडे औषधं आली आहेत, पत्र येत नाही.

मामांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं. ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. मामांनी फक्त किती वेळा आणि केवढ्याला हे विचारलं. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, काळा चष्मा लावून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मामांनी वही उघडली, जवळ धरली, लांब धरली, आणि माझ्याकडे दिली.

"तू लिही. दिसंना."

"काय लिहू?"

"तारीख टाक. डावा डोळा, सूज. सोमवारी इंजेक्शन." थोडा वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले. "शेऱ्याचा रकाना राहू दे मोकळा."