सहा नवी भोके

माझा धाकटा भाऊ गिटार वाजवीत असे आणि मला ते आवडत नसे. १९९५ साली त्याने वास्कोहून एका खलाशाकडून जुनी जपानी विजेची गिटार विकत आणली, तेव्हा मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. २०२१ साली तो गेला. माळ्यावरची गिटार पुतण्याने खाली काढली आणि मडगावच्या एका कारागिराकडून दुरुस्त करून घेतली. सगळे झाले, अडले ते ट्रेमोलोपाशी.

या रचनेत तारांची घोडी सहा स्क्रूंवर टेकून डुलते. एका बाजूने तारा तिला ओढतात, दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा. दांडी दाबली की तारा सैल पडून स्वर उतरतो; सोडली की घोडी जागेवर यावी, ही अपेक्षा. (खरे तर हे व्हायब्रॅटो, ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा चढउतार. पण लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर हेच चुकीचे नाव दिले आणि ते रूढ झाले. त्या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!) आमच्या घोडीची टेकण्याची धार झिजली होती. प्रत्येक वेळी ती किंचित अलीकडेच थांबे आणि वाद्य बेसूर होई.

नवा संच आला, पण त्याची भोके जुन्यांशी दोन मिलिमीटरने जुळेनात. जुनी भोके लाकडी खुंट्यांनी बुजवून सहा नवी पाडावी लागणार होती. मी नको म्हटले. भावाचा तळवा जिथे टेकत असे, तिथला मुलामा घामाने उडाला होता. ती खूण काढून टाकायची?

पुतण्या म्हणाला, "काका, मग ही वाजवायची कशी?"

मी त्याला मिलिंद-नागसेनाचा संवाद सांगितला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही रथ नव्हे, मग रथ म्हणायचे कशाला? तो म्हणाला, "पण तो रथ चालत तरी होता ना?"

मला उत्तर सुचले नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी पुन्हा काढतात, तारा बदलतात. तंबोरा दुसरा झाला असे कोणी म्हणत नाही. पण कारागीर एक बोलला ते डोक्यात राहिले : "सर, काढलेली घोडी परत बसवता येईल. पाडलेले भोक परत घेता येणार नाही." प्रश्न खरा इथे होता. जे पूर्ववत होणार नाही ते करण्याचा अधिकार कोणाचा? मी भावाच्या वतीने बोलत होतो. पण त्याचे वाजवणे मी एकदाही बसून ऐकले नव्हते. ज्याला जिवंतपणी वाजवू नको म्हटले, त्याची गिटार आता वाजू नये असेच मी पुन्हा म्हणत होतो. फक्त या वेळी नाव आठवणीचे होते.

भोके पाडली. जुना संच आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो काढताना आत पाचांऐवजी तीनच स्प्रिंगा निघाल्या. मला वाटले, दोन हरवल्या असाव्यात. कारागीर म्हणाला, "नाही सर, मुद्दाम काढल्यात. दांडी हलकी चालते. रोज वाजवणारा माणूस असणार."

पुतण्याने नव्यालाही तीनच लावल्या आहेत.