वही उघडण्याआधी

चि. छकुलीस,

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचला. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या मुलांची शाळा हा विषय तू घेतलास, याचा मला मनापासून आनंद आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. त्यांतले कातकरी मुंबईच्या इतक्या जवळ राहतात, तरी मुंबईकरांना त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. तेव्हा तू जाच. रायगडच्या वाड्यांवर काम करताना मी संशोधक येताना पुष्कळ पाहिले, परत येताना मात्र फार थोडे पाहिले. म्हणून हे पत्र.

आधी वेळापत्रक. डिसेंबर ते मार्च वाडीवर घरोघर पाहणी करायची, असं तू लिहिलं आहेस. डिसेंबरात तिथे कोण भेटणार तुला? दिवाळी झाली की वाडीवर ट्रक लागतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळी वर चढतात आणि भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर उतरतात. काही कुटुंबं कोळसा भट्टीवर आणखी कितीतरी लांब जातात. मागे म्हातारी माणसं उरतात. परत येणं होतं ते पावसाच्या तोंडावर. वाडीवरचं काम तू गणपतीनंतर सुरू कर आणि दिवाळीच्या आत संपव. घरं भरलेली असतात, संध्याकाळी बोलायला माणसांना उसंत असते.

भट्टीवर जाशील तेव्हा तिथला व्यवहार आधी समजून घे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी पडतं, कुणाचं लग्न निघतं. तेव्हा शेठ किंवा त्याचा मुकादम रोख उचल देतो. हंगामभर विटा पाडून ती फेडायची. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, तीही उचलीच्या खाती चढते. हजार विटांमागे दर ठरलेला असतो आणि शेवटचा हिशोब पाऊस जवळ आला की होतो. पहाटे काळोखातच नवरा गारा मळायला लागतो, बायको उकिडवी बसून साच्यातून ओळीने विटा पाडत मागे सरकते, आणि आठ-नऊ वर्षांची पोर कच्च्या विटा उन्हात वाळाव्यात म्हणून एकेक उलटत जाते. काखेत धाकटं भावंड असतंच. त्या पोरीची मजुरी कुणी मोजत नाही, पण ती नसेल तर आईबापांच्या हजार विटा पुऱ्या होत नाहीत.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर तुझ्या प्रश्नावलीतला 'आपण मुलांना शाळेत का पाठवत नाही?' हा प्रश्न तुलाच नकोसा होईल. उत्तर देण्याआधीच तो आईबापांना दोषी ठरवतो. त्याऐवजी विचार, भट्टीपासून शाळा किती लांब आहे, तिथल्या बाईंनी पोराला वर्गात बसू दिलं का, वाडीवरच्या शाळेने निघताना शिक्षण हमी कार्ड हातात दिलं का, ते नव्या शाळेने वाचलं का. भट्टीवरच्या खोपट्यांना भोंगे म्हणतात. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने त्या भोंग्यांजवळच वर्ग भरवले, 'भोंगा शाळा' काढल्या, तेव्हा हीच माणसं आपली मुलं पाठवत होती. शाळा त्यांच्याजवळ गेली, एवढाच काय तो फरक.

आता मुख्य गोष्ट. ज्यांच्याकडून तू माहिती घेशील, त्या माहितीवर शेवटपर्यंत त्यांचा शब्द चालला पाहिजे. सही घेताना विचारलं आणि मग विषय संपला, असं चालणार नाही.

ज्या माणसांसमोर तू वही उघडणार आहेस, त्यांच्या आयुष्यात आलेली जवळजवळ प्रत्येक वही त्यांच्या विरोधात गेली आहे. शेठच्या वहीत उचल किती लिहिली ते त्यांना वाचता येत नाही. राहत्या घराखालची जमीन तलाठ्याच्या दप्तरात भलत्याच खातेदाराच्या नावावर असते. जातीचा दाखला काढायला गेलं की ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याला शाळा ठाऊक नव्हती त्याने तो कुठून आणायचा? पारध्यांकडे पाहिलंस तर हे आणखी जुनं दुखणं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद झाली, माणसांना हजेरी लावावी लागली, सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण पालावर अनोळखी माणूस कागद घेऊन आला की आजही बाया पोरांना आत ओढतात. त्या माणसांना तुझा चांगला हेतू दिसत नाही, दिसते ती वही.

म्हणून संमतीपत्रावर अंगठा घेण्याची घाई करू नकोस. अंगठा त्यांनी उचल घेताना उठवलेला असतो. तुझ्या कागदावर अंगठा उठवला की आपण आणखी कशात तरी बांधले गेलो, असं त्यांना वाटणं अगदी साहजिक आहे. तुमच्या नीतिसमितीला हे कारण सविस्तर लिहून दे आणि साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची परवानगी माग. आणि 'नको' म्हणणाऱ्या घराला पुन्हा विचारायला जाऊ नकोस. गप्प राहणं, उद्या या म्हणणं, हसून विषय बदलणं, हेही नकारच समज.

शेवटचा शब्द त्यांचा का, हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच रक्त त्यांना न सांगता स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतली लग्नं, पूर्वजांचं स्थलांतर अशा अभ्यासांना वापरलं गेलं. आपला उगम याच दरीत झाला, अशी हवासुपाईंची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तावरून कुणीतरी लिहीत होतं की तुमचे पूर्वज आशियातून आले. २००३ मध्ये त्या जमातीतली एक बाई विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली, तिने प्रश्न विचारला आणि सगळं उघडं पडलं. जमातीने विद्यापीठाच्या संशोधकांना दरीत यायला बंदी केली, खटला भरला. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि रक्ताचे नमुने परत. लोकांनी ते आपल्याबरोबर दरीत नेले.

तू कुणाचं रक्त घेणार नाहीस, हे मला कळतं. पण मुलाखतही तशीच वाहत जाते. आज शाळेसाठी सांगितलेली गोष्ट उद्या तुझ्या मार्गदर्शकांच्या दुसऱ्या प्रकल्पात जाईल, परवा एखाद्या कंपनीच्या अहवालात. असं होऊ नये म्हणून जगभर आदिवासींनी स्वतः नियम केले आहेत. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ पासून चार गोष्टी धरून ठेवल्या: आमच्या माहितीची मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती पाहण्याचा हक्क आमचा आणि ताबाही आमचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी आपली आचारसंहिता जाहीर केली. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं 'डीकॉलनायझिंग मेथडॉलॉजीज' हे १९९९ चं पुस्तक तुमच्या ग्रंथालयात असेल, ते जाण्यापूर्वी वाच.

आपल्याकडेही वाट पडलेली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने स्वतःचा अभ्यासगट चालवला. बाहेरचे जाणकारही येऊन त्यात बसत, बोलत. निर्णय मात्र ग्रामसभाच सर्वसहमतीने घेते. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मागे हा अभ्यास होता. आणि तुझ्या अगदी जवळचं उदाहरण कर्जत तालुक्यातलं. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी कातकऱ्यांच्या सोबतीने वाड्यांच्या जमिनीचा अभ्यास केला. मुंबई-पुण्याच्या मधल्या पट्ट्यात जमिनीचे भाव चढले, तशा पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या वाड्या उठवल्या जाऊ लागल्या होत्या. वाडी कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, किती घरं आहेत, मालक काय म्हणतो, हे लोकांनी स्वतः बसून मांडलं आणि त्यातून गावठाणासाठी अर्ज केले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. प्रश्न त्यांचाच होता, म्हणून उत्तरासाठी तेच धडपडले.

तू काय लिहायचं नाहीस, हेही आताच ठरव. शिकार, ससा, घोरपड यांच्या गोष्टी तुला मोकळेपणाने सांगतील, कारण त्यांना तू आवडशील. त्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतात, आणि प्रबंध वनखात्यालाही वाचता येतो. मोहाच्या दारूचंही तेच. 'कर्जत तालुक्यातली नदीकाठची चाळीसेक घरांची वाडी' असं लिहिलंस तर नाव लपवून उपयोग काय? तालुक्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. तुझी ती दिल्लीची मैत्रीण रोहिंग्या निर्वासितांमध्ये काम करते ना, तिला तर हे दुपटीने लागू. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही; त्या माणसांच्या हातात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचं कार्ड असतं, त्याने अटक टळेलच असं नाही. वस्ती कुठे आहे ही एक ओळही त्यांना महागात पडू शकते. तिला माझ्याकडून सांग.

शेठच्या देखत उचलीचा आकडा विचारू नकोस. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे, हे त्यालाही माहीत असतं. तू गेल्यावर राग निघतो तो बोललेल्या बाईवर. आणि कुणाला मारहाण होते आहे, डांबून ठेवलं आहे असं दिसलं, तर संशोधन बाजूला ठेव. आधी त्या कुटुंबाला एकांतात विचार. ते हो म्हणाले तर आदिवासींच्या एखाद्या संघटनेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन तहसीलदाराकडे जा, थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. 'मी फक्त निरीक्षक आहे' असं माझ्या भाचीच्या तोंडून मला ऐकायचं नाही.

पैशाचंही बोलते. मुलाखतीला दोन तास गेले तर तेवढ्या विटा पडल्या नाहीत, त्याची भरपाई दे आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात ती उघड दाखव. वाडीवरची जी शिकलेली मुलं तुला भाषेसाठी मदत करतील, त्यांना रीतसर मानधन दे आणि त्यांची इच्छा असेल तर प्रबंधावर त्यांचं नाव घाल. रेशनकार्ड, घरकुल यांचा शब्द कुणालाही देऊ नकोस, तुझ्या हातात ते नाही. दाखल्याचा अर्ज भरून देणं मात्र हातात आहे. ते शिकून घे, वाडीवर त्याचा उपयोग फार.

मसुदा झाला की छापण्याआधी तो वाडीवर मोठ्याने वाचून दाखवायचा. इंग्रजीतला नाही, मराठीत सोपा करून, आणि ज्या म्हाताऱ्यांना मराठी जड जातं त्यांच्यासाठी वाडीतल्याच कुणाकडून कातकरीत सांगवून. जे खोडा म्हणतील ते खोडायचं, मग ते तुझं सर्वांत आवडतं प्रकरण का असेना. यासाठी आराखड्यात जून-जुलै मोकळा ठेव. पावसात पायवाटा निसरड्या असतात, पण माणसं घरी असतात. मार्गदर्शक म्हणतील, वेळ कुठे आहे? त्यांना सांग, विश्लेषणाचा एक महिना कमी करा.

गणपती झाले की ये. आपण दोघी कर्जतपर्यंत लोकलने जाऊ, पुढे टमटम मिळते. मी तुला वाडीवरच्या दोघीतिघींशी ओळख करून देईन आणि निघून येईन. तुला ठेवून घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील. येताना दुरुस्त केलेली प्रश्नावली आण, आणि पायात चांगल्या पकडीच्या चपला घाल.

तुझी,
आत्या