हरवली कोण?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात, पंचविसाव्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्य क्षणिकवादी बौद्धांना कोंडीत पकडतात. एकानं पाहिलं आणि दुसऱ्याला आठवलं, असं होत नाही. म्हणजे तेव्हा पाहणारा आणि आज आठवणारा एकच. संस्कृत शिकवायचे तेव्हा हा युक्तिवाद मी फळ्यावर झोकात मांडायची. मनात मात्र दर वेळी यायचं, आचार्य आईवडिलांचे एकुलते एक. बहिणीबरोबर वाढले असते तर जरा अडखळले असते.

आम्ही वाईच्या. माघात कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीनं सुरू झाला की गर्दीला ऊत यायचा. अशाच एका संध्याकाळी गणपती घाटावर एक मुलगी हरवली. रेवड्यांच्या गाडीवाल्यानं तिला पोत्यावर बसवलं, हातात रेवडी दिली. पोत्याचं सुतळीचं टोक मांडीला टोचत होतं, पण उठलं तर रेवडी परत घेतील अशी भीती. मग आई आली, निऱ्या घोट्यापर्यंत ओल्या, आणि जवळ घेण्याआधी तिनं एक धपाटा घातला. ती मुलगी मी. ताई म्हणते, ती. तिलाही सुतळी आठवते आणि धपाटाही. आईला विचारलं तर म्हणायची, "एक हरवली होती, सापडली ना? मग झालं."

आचार्य म्हणतील, दोघींपैकी एकीला भ्रम झालाय. कबूल. एका गोधडीत झोपून रात्री इतकं सांगितलं-ऐकलं की ऐकलेलं आपलंच वाटू लागलं असणार. पण मग दोघींपैकी एकीत दुसरीचा अनुभव 'माझा' म्हणून नांदतोय, आणि खऱ्याखुऱ्या 'माझा'पासून तो वेगळा काढायला काही खूण नाही. त्या एका 'मी'च्या भरवशावरच तर बौद्धांना हरवलं होतं!

अद्वैती यावर हसून म्हणेल, साक्षी एकच, तुम्ही दोघी कुठून आल्या? इथे माझं बिनसतं. ताई आणि मी एकच असू तर वाद कुणाशी घालायचा? याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पत्नी, पुत्र, वित्त, अगदी देवसुद्धा प्रिय होतात ते आत्म्यासाठी. त्या लांबलचक यादीत बहीण नाही. सासरी जाणारीला कोण मोजतो, हे उघड कारण असेलही. मला दुसरंच वाटतं. स्वतःसाठी कुणी प्रिय व्हायला आधी 'मी' म्हणता यायला हवं, आणि मला ते येण्याआधीपासून ताई होती. माझं पहिलं दुपटंसुद्धा तिचं उतरलेलं.

आता ताईनं सत्तरी ओलांडलीय. संधिवातानं बोटं वाकडी झालीत, वाती वळता येत नाहीत, म्हणून वर्षाच्या वाती मी पाठवते. परवा फोनवर विषय निघाला तर म्हणाली, "जाऊ दे, तूच हरवली असशील."

माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, "आणि सुतळी? ती कुणाला टोचली?"

"मलाच. पण तुला एवढी हवीय ती आठवण, तर घे."

असं कसं देता येईल, यावर आम्ही पुढे अर्धा तास भांडलो.