वाकल्यावर घशाशी येतं का?

महाराष्ट्रात धानोरे पुष्कळ. इथे बोलतो आहे ते नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याबद्दल. हा मिरचीचा मुलूख. मिरचीची तोडणी असो की निंदणी, काम सगळं कमरेतून वाकून. पित्ताचा जुना त्रास असलेली बाई छातीतली जळजळ एक वेळ सोसून नेते, पण वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं तेव्हा हात थांबतोच, आणि तोडणीचा हिशेब किलोवर असेल तर थांबलेल्या हाताचे पैसे जातात. अशा बाईवर उपचार झाले, तर ती बरी झाली हे कशावरून म्हणायचं? माझ्या मते दुर्बिणीच्या रिपोर्टपेक्षा तिच्या कामाच्या दिवसावरून. म्हणूनच उपचार ठरवण्याआधी तो दिवस कसा जातो हे विचारणं मी वैद्यकाच्या सौजन्यात धरत नाही, कर्तव्यात धरतो.

याला आधार आहे. युरोपातल्या ११ देशांत याच त्रासाच्या ५५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना रोज एसोमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली, काहींवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून सैल झालेली झडप घट्ट करतात. पाच वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ९२ टक्के आणि शस्त्रक्रियावाल्यांपैकी ८५ टक्के लोकांचा आजार आटोक्यात होता. दोन्ही उपचार जवळपास सारखेच, असं म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात. पण एकेक तक्रार सुटी करून पाहिली की चित्र पालटतं. आंबट पाणी वर येण्याची तक्रार गोळीवर १३ टक्क्यांना राहिली, शस्त्रक्रियेनंतर फक्त २ टक्क्यांना. उलट घास अडकण्याचा त्रास गोळीवर ५ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्क्यांना. पोट फुगणं २८ विरुद्ध ४०, वारा सरणं ४० विरुद्ध ५७. दिवसभर चार माणसांत खुर्चीवर बसणाऱ्याला शेवटचे दोन आकडे जड वाटतील. वाकून मिरची तोडणारीच्या पोटापाण्याचा प्रश्न पहिल्या आकड्यात आहे. सरासरीला ही दोन माणसं वेगळी दिसत नाहीत.

मग धानोऱ्यातल्या प्रत्येकाला शस्त्रक्रियेला पाठवायचं का? मुळीच नाही. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही म्हणून आलेल्या ३६६ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जेवणाआधी वीस मिनिटं, दोन वेळा, न चुकता गोळी घ्या, एवढं बजावून सांगितल्यावर त्यातल्या ४२ जणांना आराम पडला. ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. त्यांना शस्त्रक्रियेचा काय उपयोग? चाचण्यांतून गाळून उरलेल्या ७८ जणांत मात्र शस्त्रक्रिया औषधांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. तेव्हा आधी नीट तपासणी, आणि त्याहून आधी गोळीची वेळ. अंधारात चहा पिऊन शेतात जाणाऱ्या आणि दहा-अकराला बांधावर न्याहारी सोडणाऱ्या माणसाला ‘सकाळी एक’ याचा अर्थ काय लागणार? शस्त्रक्रिया ठरलीच, तर पुढचे काही आठवडे भाकरी बंद, पेज-खिचडीवर राहायचं, डोक्यावर भारा घ्यायचा नाही, हे आधी सांगायला हवं. दवाखान्याचं बिल कुणीही भरलं तरी ही बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. शिवाय शस्त्रक्रिया झाली की गोळी कायमची सुटते असंही नाही. अमेरिकेतल्याच एका जुन्या पाहणीत साधारण दहा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पुन्हा नियमित औषध घेत होते.

बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना एवढं कोण विचारणार, हा आक्षेप खोटा नाही. पण ‘वाकल्यावर घशाशी येतं का’ आणि ‘पहिला घास किती वाजता’ हे दोन प्रश्न चिठ्ठी लिहिता लिहिता विचारून होतात. दुसरा आक्षेप असा, की तिखट सोडलं तर हे सगळं टळेल. ज्याला तिखट बाधतं त्याने ते जरूर सोडावं. मात्र वाढलेलं वजन उतरवणं, लवकर जेवणं, झोपताना उशाकडची बाजू उंच करणं यांना असलेला आधार पथ्याच्या लांब याद्यांना नाही. तिखटावर बोट ठेवलं की दोष आपोआप रोग्याच्या ताटात जातो, आणि सल्ला देणारा मोकळा होतो. तिसरी भीती गोळ्यांच्या दुष्परिणामांची. सतरा हजारांहून अधिक लोकांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत पॅन्टोप्राझोल या तशाच गोळीने आतड्याचे संसर्ग किंचित वाढले, त्यापलीकडे ठळक अपाय आढळला नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. डेन्मार्कमध्ये पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन ती थांबवली, तेव्हा त्यांतल्या ४४ टक्क्यांना जळजळीसारखे त्रास सुरू झाले. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी एकदम सोडली की काही दिवस पोट उसळतं. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो जुना रोग उलटला असं समजून दुकानातून पुन्हा पाकीट आणतो, आणि गरज उरली नसतानाही वर्षानुवर्षं आणत राहतो. गोळी कधी थांबवायची, कशी कमी करत न्यायची आणि मधले दिवस जळजळ झाली तर घाबरायचं का नाही, हे औषधाच्या नावाखाली दोन ओळींत मावतं.