घातकांच्या यादीतला नववा

मांसाहार हे पाप की केवळ आहारभेद, हा वाद आपल्याकडे फार जुना असला, तरी त्याचा निवाडा करू पाहणाऱ्यांची दृष्टी बहुधा सुरीपाशी येऊन थांबते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाने मात्र ती पुष्कळ पुढे नेली. पशूला मारणारा तेवढा घातक न मानता, अनुमती देणारा, अंगे तोडणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा आठही जणांना त्याने एकाच अपराधाचे वाटेकरी ठरविले.

या वादाची दोन्ही टोके धाराशिव जिल्ह्यात पूर्वापार नांदत आली आहेत. तुळजापुरास नवरात्रात भवानीपुढे अजाबळी दिला जातो, आणि त्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीच्या जैन क्षेत्री १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नत्याग करून सल्लेखनेने देह ठेवला. या दोहोंच्या मधला सामान्य संसार पाहावयाचा, तर उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावी पाहावा. निजामाच्या अमलदारीपासून या मुलुखात ज्वारी माणसाची, कडबा बैलाचा आणि बांधावरचा पाला शेळीचा, अशी विनादप्तर वाटणी चालत आली. जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन बहुधा जुळी करडे देते. कोवळे अंकुर ओरबाडण्याचा दोष तिच्या पदरी आहेच. पण जेथे नांगर चालत नाही त्या माळावर वाढलेल्या तिच्या मांसासाठी कोणाच्या ताटातील भाकरी कमी होत नव्हती.

हे गणित यंत्रयुगाने उलटविले; जनावरांसाठी शेतातच दाणा पिकू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मानवनिर्मित उष्णतावर्धक वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनाच्या खाती मांडले, ते रवंथामुळे जसे, तसेच चाऱ्यादाण्याच्या लागवडीमुळेही. मुरुमच्या आडतीवर सोयाबीन घालणारा शेतकरी कदाचित गळ्यात तुळशीची माळ घालणारा असेल. परंतु त्याच्या दाण्यातून पाचवा हिस्सा तेल निघाल्यावर उरणारी पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या शेडमध्येच जाते. मनूच्या आठांत नसलेला नववा तो हाच. दूध पिणाराही यातून सुटत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल बंद झाली, पण भाकड गाय आणि गोऱ्हा यांच्या चाऱ्याचा प्रश्न दावणीलाच राहिला, आणि दुष्काळात त्यांना छावणीचा रस्ता धरावा लागतो.

कर्ज आणि बाजारभाव यांच्या कचाट्यात सापडलेल्या त्या शेतकऱ्यास पापी म्हणण्याचा हा प्रयत्न नव्हे. हिंसा कोठवर पसरते, हे दाखविण्याचा मात्र आहे: ती सुरीपाशी सुरू होत नाही आणि ताटापाशी संपत नाही. म्हणून पानात मांस आहे की नाही, एवढे पाहून अहिंसेचा हिशेब मिटवू नये. त्या जनावराने काय खाल्ले आणि ते खाद्य कोणाच्या पाण्यावर पिकले, हेही विचारावे.