आपल्याच घरात परके

‘मी’ म्हणजे नेमके कोण, हा उपनिषदांचा प्रश्न विसाव्या शतकात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांपुढेही आला. आपले-परके ही ओळख शरीर मुख्यतः आयुष्याच्या आरंभी शिकते. या शोधासाठी बर्नेट आणि मेडावार यांना १९६० साली नोबेल मिळाले.

शुक्रपेशी मात्र तयार होतात वयात आल्यावर! त्यांच्या पृष्ठभागावरची कित्येक प्रथिने शरीराला तोवर अनोळखीच असतात. म्हणून वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून भिंत उभारतात आणि वाढत्या शुक्रपेशींना रक्तातल्या पहारेकऱ्यांपासून दूर ठेवतात.

तेव्हा ‘स्व’ जन्मतःच पूर्ण असतो, हे मत निदान शरीरापुरते तरी टिकत नाही. नसबंदीनंतर शुक्रपेशी या आडोशाबाहेर झिरपतात, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात.