पाच रुपयांची साक्ष

मनुष्याचा वेळ अधिक मोलाचा की पैसा, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु प्रत्येक पिढीपुढे तो नवा वेश घेऊन उभा राहतो. आजच्या पिढीपुढे तो हातातील फोनच्या रूपाने आला आहे. 'आमच्या सेवेविषयी आपले मत कळवा आणि इंधनाचे कूपन मिळवा', असा निरोप येतो. मत कळविण्यास दहा-बारा मिनिटे लागतात आणि कूपन असते पाच रुपयांचे. एवढ्याशा गोष्टीवर मंडळाच्या पत्रिकेची पाने का खर्च करावीत, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. एका प्रसंगाने ते मत बदलले. तो प्रसंग आणि त्यावरून सुचलेला विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम इंधनाविषयी. आपल्या सुरतेतील मराठी वस्ती लिंबायत, उधना, पांडेसरा या बाजूस दाट आहे. कोणाचे काम कतारगामला, कोणाचे वराछाला, तर कोणाचे तापीपलीकडे अडाजण-रांदेरला. आमच्या वडिलांचेच उदाहरण घ्या. रांदेरच्या एखाद्या यजमानाकडे पूजा असली की जाऊन-येऊन सुमारे 22 किलोमीटर होतात. हिशोबाच्या सोयीसाठी पेट्रोल लिटरला 100 रुपये आणि स्कूटर लिटरमागे 50 किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरला 2 रुपये, म्हणजे त्या एका पूजेचा प्रवास 44 रुपयांचा झाला. महिन्यात अशा दहा-बारा पूजा असल्या की दक्षिणेतील केवढा भाग धूर होऊन जातो, हे पुरोहिताच्या घरात कोणास सांगावे लागत नाही. रिक्षा चालविणारे, कापडाचे तागे पोचविणारे, घरोघर डबे नेणारे, या साऱ्यांचा हिशोब याहून कठीण आहे.

हे दर आपल्या हातात नाहीत. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. 16 जून 2017 पासून रोजच्या रोज दर ठरविण्याची पद्धत देशभर सुरू झाली. केंद्राचे व राज्याचे कर त्यावर निराळे. ज्या खर्चापुढे मनुष्याचे काहीच चालत नाही, त्या खर्चातून कोणी पाच रुपये परत देऊ केले की आपण काही तरी मिळविले असे त्याला वाटू लागते. असहायतेवर ते एक लहानसे औषध असते. आम्हीही ते औषध घेऊ लागलो.

एका महिन्यात आम्ही 31 प्रश्नावल्या भरल्या. नंतर एका रात्री वहीत हिशोब मांडला. प्रत्येकीस सरासरी 12 मिनिटे, म्हणजे एकूण 372 मिनिटे, सहा तासांहून अधिक. कूपने मिळाली 155 रुपयांची; त्यांपैकी 9 मुदत टळल्यामुळे वाया गेली. हाती राहिले 110 रुपये. म्हणजे तासाला 18 रुपयांहून कमी. एक लिटर पेट्रोल आणि वर थोडेसे, एवढ्यासाठी आम्ही सहा तास दिले होते. शिवाय एक कूपन ज्या पंपावर चालते तो घरापासून 3 किलोमीटर आडबाजूला होता. तेथे जाऊन येण्यास 12 रुपयांचे पेट्रोल लागले आणि सुटले 5 रुपये.

हिशोबाच्या दृष्टीने प्रश्न येथेच संपतो: हा व्यवहार परवडत नाही. पण जगात न परवडणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या सर्वच वाईट नसतात. कीर्तनात बसणेही ताशी दराने परवडत नाही. म्हणून नुसता हिशोब करून भागत नाही. त्या सहा तासांत आम्ही नेमके काय विकले, हे पाहिले पाहिजे. ते आम्हांस पुढील प्रसंगाने कळले.

गेल्या श्रावणात वडील सायंकाळी रांदेरहून परत येत होते. वाटेत मागच्या चाकातील हवा कमी झाली. एका पंपावर थांबले, तर हवेचे यंत्र बंद. तेथील पोऱ्याने सांगितले की तीन महिने झाले, असेच आहे. पूजेच्या साहित्याची पिशवी हँडलला लावून, पासष्ट वर्षांच्या माणसाने पावसात स्कूटर ढकलीत पुढचे दुकान गाठले. घरी येऊन कपडे बदलताना ते सहज म्हणाले, "गंमत बघ. यंत्र बंद, आणि भिंतीवर कागद लावलेला, ग्राहकांनी पाचपैकी पावणेपाच गुण दिले म्हणून!"

आम्ही पंपाचे ठिकाण विचारले आणि गप्प झालो. त्या पंपाची प्रश्नावली आम्ही दोनदा भरली होती. 'हवेची सोय कशी वाटली?' असा प्रश्न तिच्यात होता. 'असमाधानकारक' असे उत्तर दिले की आणखी चार प्रश्न उघडत. 'उत्तम' म्हटले की लगेच पुढचे पान येई. आम्ही दोन्ही वेळा 'उत्तम' म्हटले होते. यंत्राकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर हे वडिलांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "अरे, संकल्प सोडताना आपण देश, काळ, गोत्र, नाव, सगळे का उच्चारतो?" आम्ही म्हणालो, "अण्णा, देवाला कळावे म्हणून." ते म्हणाले, "देवाला ठाऊकच असते. ते आपल्याला कळावे म्हणून. अमुक जागी, अमुक दिवशी, अमुक माणूस हे बोलतो आहे, असे एकदा तोंडाने म्हटले की शब्द आपल्या अंगाला चिकटतो. मग तो झटकता येत नाही. तू बोललास, पण नाव घेतले नाहीस, जागा पाहिली नाहीस. म्हणून तुला ते बोलणेच वाटले नाही."

या एका वाक्याने आमच्या विचारास दिशा मिळाली. मत देणे म्हणजे साक्ष देणे होय. साक्षीचे मोल ती देणाऱ्याच्या पाहण्यात आणि त्याच्या खरेपणात असते. आम्हांस वाटत होते की आम्ही फावला वेळ विकीत आहोत. वस्तुतः आम्ही साक्ष विकीत होतो, तीही न पाहिलेल्या गोष्टीची.

सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपणां सर्वांना परिचित आहे. नावेत काय आहे, असे दंडी संन्याशाने विचारले तेव्हा वेल-पाने आहेत असे सांगून त्याने विचारणाऱ्याची बोळवण केली. त्यात त्याला फार मोठा लाभ साधायचा नव्हता. प्रश्न विचारणारा लवकर टळावा, एवढेच हवे होते. आणि पुढे नावेत खरोखरच वेल-पाने दिसली. लहानपणी आम्हांस ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार वाटे. आता तीत एक नियम दिसतो. आपण जगाविषयी जे निष्काळजीपणे बोलतो, तसेच जग हळूहळू होत जाते. सारेच ग्राहक 'उत्तम' म्हणू लागले की यंत्र दुरुस्त करण्याचे कारणच उरत नाही. आमच्या खोट्या शब्दाचे ओझे पावसात कोणी ढकलले, हे वर आलेच आहे.

यावर कोणी म्हणेल की दोष बक्षिसाचा नाही, तुमच्या आळसाचा आहे. मोबदला घेऊनही खरे बोलता येते. हा आक्षेप योग्य आहे. पुरोहितही दक्षिणा घेतोच. पण दक्षिणा अकरा रुपये असो वा पाचशे एक, कथेचे पाचही अध्याय वाचावयाचे असतात. दक्षिणा पाहून जो अध्याय गाळतो, त्याला आपण गुरुजी म्हणत नाही. याचा अर्थ असा की मोबदला आणि कर्तव्य ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. मात्र कर्तव्याचे माप मोबदल्याने ठरता कामा नये. अडचण ही की अगदी क्षुल्लक मोबदला नेमके हेच माप बदलतो. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली इस्रायलमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुले धर्मादाय कामासाठी घरोघर वर्गणी गोळा करीत होती. काहींना मोबदला मुळीच नव्हता, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि काहींना दहा टक्के देऊ केला होता. एक टक्कावाल्यांनी सर्वांत कमी वर्गणी आणली. दहा टक्केवालेही बिनमोबदला फिरणाऱ्यांच्या मागेच राहिले. पैसा मध्ये आला की 'हे माझे काम आहे' ही भावना मागे सरते आणि 'एवढ्या पैशांत एवढेच' ही भावना पुढे येते. पाच रुपयांत आम्ही पाच रुपयांपुरतेच खरे बोललो.

उलट, विनामूल्य दिलेल्या मताचे बळ आपल्या शहराला ठाऊक असावयास हवे. 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लोकांचे लोंढे येथून बाहेर पडले, ते वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. त्याच सुरतेने 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळविला. त्या सर्वेक्षणात नागरिकांच्या मतालाही गुण असतात. रस्ता खरोखर झाडला जातो की नाही, हे सांगणाऱ्याने कूपनाकडे पाहून सांगितले असते तर त्या क्रमांकास काय अर्थ उरला असता?

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या प्रश्नावल्या घरात माणसे किती, उत्पन्न किती, वाहन कोणाच्या नावावर, हेही विचारतात. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात संमती ही मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली असावी असे म्हटले आहे. आम्ही वडिलांचे वय आणि घराचे उत्पन्न लिहून दिले, तेव्हा वडिलांना विचारले नव्हते. स्वतःचा वेळ विकण्याचा अधिकार मनुष्याला असेल. घरच्यांची माहिती विकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता?

मात्र या विवेचनावरून कोणी असे समजू नये की पाच रुपयांकडे तुच्छतेने पाहावे असे आमचे म्हणणे आहे. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या मनुष्याला पाच रुपये म्हणजे काय, ते पंख्याखाली बसून लेख लिहिणाऱ्याने शिकवू नये. इंधन भरताना आपोआप जमा होणारे गुण घेण्यात काहीच गैर नाही. तेथे ना वेळ जातो ना शब्द. स्कूटरच्या चाकांत हवा योग्य ठेवणे, एका फेरीत दोन कामे उरकणे, जवळच्या दोन यजमानांनी पूजेचे दिवस जुळवून घेणे, यांतून त्या 110 रुपयांहून अधिक बचत होते, हेही आम्ही अनुभवले आहे. आणि ज्याला प्रश्नावली भरावयाची आहे त्याने अवश्य भरावी. पण पाहिले तेच लिहावे, आणि तेवढा धीर नसेल तर भरू नये.

पंपावर तक्रार-वही असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हवा आणि पिण्याचे पाणी विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मापाविषयी शंका आल्यास 5 लिटरच्या प्रमाणित मापाने इंधन मोजून मागता येते. भेसळीचा संशय असल्यास गाळण कागदावर थेंब टाकून पाहता येतो. या वहीत लिहिण्याचे कूपन मिळत नाही. तेथे लिहिताना मात्र नाव घालावे लागते, दिनांक घालावा लागतो, आणि ज्या जागेविषयी लिहावयाचे त्या जागेवर उभे राहावे लागते. देश, काळ, नाव. संकल्पाहून हे निराळे ते काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पंपावर गेलो आणि वही मागितली. ती शोधण्यात त्यांचा वेळ गेला. तिची पहिली कित्येक पाने कोरी होती. हवेचे यंत्र बंद आहे एवढेच एक वाक्य आम्ही लिहिले आणि खाली नाव घातले. चार मिनिटे लागली. पुढे पंधरवड्याने ते यंत्र सुरू झालेले दिसले. ते आमच्या वाक्यामुळे झाले असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण त्या चार मिनिटांचा हिशोब आम्ही वहीत मांडला नाही, आणि मांडावा असे वाटलेही नाही.

आपल्या मंदिरात दर पौर्णिमेस सत्यनारायणाची कथा होते. चौथा अध्याय ऐकताना नावेतील वेल-पानांशी क्षणभर थांबावे, आणि या महिन्यात आपणही कोणास 'उत्तम' म्हणून टाळले काय, एवढे मनाशी विचारावे, ही वाचकांस नम्र विनंती.